नेपाळला कधी जावं? महिना नंतर ठरवा, आधी उंची बघा

महाराष्ट्रातून नेपाळला जाणारी कुटुंबं सहसा दोनदाच निघतात. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. शिवाय पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करणाऱ्या यात्रा भर पावसाळ्यातही निघतात. या तिन्ही वेळी दिसणारा नेपाळ इतका वेगळा असतो की एकाच्या अनुभवावर दुसऱ्याने बेत आखला तर फसगत ठरलेली. "आमच्या शेजाऱ्यांना पोखऱ्यातून सगळी शिखरं दिसली" हे खरं असतं. पण शेजारी नोव्हेंबरात गेलेले असतात आणि आपण निघालेलो असतो जूनमध्ये.

हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. ट्रेकिंगवाल्यांना यातलं बरंचसं माहीत असतं. आई-वडिलांना घेऊन, मुलांना घेऊन, मोजक्या रजेत जाणाऱ्यांना मात्र ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायरी १: प्रत्येक मुक्कामासमोर उंची लिहा

नेपाळ पूर्व-पश्चिम साधारण ८०० किलोमीटर लांब आहे, पण दक्षिणोत्तर रुंदी सरासरी २०० किलोमीटरसुद्धा नाही. एवढ्याशा पट्ट्यात जमीन झापा जिल्ह्यातल्या सत्तरेक मीटरपासून सगरमाथ्याच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या ८,८४८.८६ मीटरपर्यंत चढते. त्यामुळे "नेपाळचं हवामान" असं एकच काही सांगता येत नाही. नेपाळी माणूस आपल्या देशाचे तीन पट्टे मानतो: दक्षिणेचा सपाट तराई, मधला पहाड आणि उत्तरेचा हिमाल.

तुमच्या यादीतली ठिकाणं या पट्ट्यांत बसवून बघा. लुंबिनी, जनकपूर आणि चितवनचं सौराहा तराईत आहेत, जेमतेम ७५ ते २०० मीटर उंचीवर. पोखरा ८२० मीटरच्या आसपास, काठमांडू १,३५० ते १,४००, त्याच्या शेजारचं नगरकोट २,२०० च्या जवळ. जोमसोम २,७०० च्या थोडं वर, नामचे बाजार ३,४४०, मुक्तिनाथ ३,७०० च्या वर आणि एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटर.

आता एक साधा हिशेब लक्षात ठेवा. दर हजार मीटर चढलं की तापमान सुमारे ६ अंशांनी उतरतं. पोखरा ते मुक्तिनाथ हा फरक २,९०० मीटरचा, म्हणजे १७-१८ अंशांचा. पोखऱ्यात दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुक्तिनाथला कानटोपीशिवाय उभा राहू शकत नाही, ते यामुळे. एप्रिलच्या अखेरीस लुंबिनीत विदर्भाची आठवण व्हावी असं ऊन असतं, काठमांडूत हवा सुखद असते आणि मुक्तिनाथला रात्री पारा शून्याजवळ जातो. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असतात.

पायरी २: ठिकाण डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे ते बघा

उंचीइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडे महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि तिथून फार लांब नसलेलं माण-खटाव पावसाची वाट बघत राहतं. नेपाळमध्ये तसंच आहे, फक्त मध्ये उभी असलेली भिंत सह्याद्रीची नसून अन्नपूर्णेची, ८,००० मीटरची आहे. पोखऱ्याजवळचं लुम्ले हे नेपाळच्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, महाबळेश्वरच्या तोडीचा. तिथून सरळ रेषेत ५०-५५ किलोमीटरवर असलेल्या जोमसोमला ३०० मिलिमीटरच्या आसपास. आणखी उत्तरेला लो मान्थाङकडे गेलं की त्याहून कमी. मातीची सपाट छपरं, उघडे तांबडे कडे, हिरवं काही दिसलंच तर नदीकाठचं शेत.

पोखरा याच दक्षिण उतारापाशी असल्यामुळे तिथलं चित्र काठमांडूपेक्षा फार वेगळं आहे. पुण्यात वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस पोखऱ्यात एकट्या जुलैत पडतो. काठमांडूचा वर्षभराचा पाऊस मात्र मुंबईपेक्षा कमी, १,४०० ते १,५०० मिलिमीटर. त्यामुळे पावसाळ्यात चार दिवस हाताशी असतील तर ते पोखऱ्यात न घालवता काठमांडूच्या खोऱ्यात घालवणं शहाणपणाचं.

पायरी ३: तुमची सुट्टी कोणत्या ऋतूत येते ते जुळवा

दिवाळीपासून सुरुवात करतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जमलं तर हीच सुट्टी धरावी असं माझं ठाम मत आहे.

नेपाळमधून मान्सून परततो साधारण २ ऑक्टोबरला. पावसाने हवेतली धूळ धुऊन निघालेली असते, थंडी अजून बोचरी झालेली नसते, भात कापणीला आलेला असतो. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि पूर्ण नोव्हेंबर, या दिवसांत सकाळी पोखऱ्याच्या डोक्यावरच्या सारंगकोटवरून अन्नपूर्णा आणि माछापुच्छ्रे दिसण्याची शक्यता वर्षातली सर्वांत चांगली. काठमांडूत दुपारी २०-२५ अंश, रात्री एक स्वेटर पुरतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नोव्हेंबरात रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, पण दिवस स्वच्छ असतात.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. पहिली गर्दीची. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत नेपाळचा सर्वांत मोठा सण, दशैं, चालतो. या दिवसांत काठमांडू गावी जायला निघतं. बसची तिकिटं मिळत नाहीत, अष्टमी ते दशमी बरीच दुकानं बंद असतात आणि ड्रायव्हरही घरी गेलेले असतात. तुम्ही नवरात्रात जाणार असाल तर गाडी आणि मुक्काम फार आधी पक्का करा. त्यामानाने दिवाळी, म्हणजे तिथला तिहार, पाहुण्यांना सोपा जातो. आपल्या भाऊबीजेच्या सुमाराला तिथे भाइटीका असते, आणि कुकुर तिहारच्या दिवशी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गळ्यातसुद्धा झेंडूच्या माळा दिसतात. मुलांना हे दाखवण्यासाठी तरी लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी पोहोचावं.

दुसरी गोष्ट बंगालच्या उपसागराची. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथे चक्रीवादळांचा हंगाम. आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलेलं वादळ विरत विरत नेपाळपर्यंत पोहोचतं आणि उंचावर त्याचा बर्फ होतो. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद विशाखापट्टणमजवळ धडकलं. दोनच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, अन्नपूर्णा भागातली ५,४१६ मीटरची थोराङ ला खिंड आणि आसपासच्या डोंगरांत बर्फाच्या वादळात आणि हिमकडे कोसळून ४० हून अधिक माणसं गेली. तो ऐन हंगाम होता, हंगामाचा सर्वांत चांगला महिना. म्हणून दिवाळीत ३,००० मीटरच्या वर जाणार असाल तर नेपाळच्या अंदाजासोबत पूर्व किनाऱ्याचाही अंदाज बघा. वादळ घोंघावत असेल तर चढू नका, दोन दिवस खालीच थांबा. ऑक्टोबरचा पहिला आठवडासुद्धा मी सुरक्षित मानत नाही. २०२५ मध्ये नेमक्या याच आठवड्यात पूर्वेच्या इलाममध्ये दरडींनी मोठी प्राणहानी झाली.

आता मे महिना. ही सुट्टी वाईट नाही, पण तिच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवली जाते.

मार्चपासून नेपाळमध्ये वणवे लागतात. हिवाळा कोरडा गेला असेल तर एप्रिलभर धूर पहाडावर साचून राहतो. काठमांडू चारी बाजूंनी डोंगरांत असल्यामुळे धूर बाहेर जायला वाट मिळत नाही. मार्च २०२१ च्या अखेरीस हवा इतकी बिघडली की देशभर शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. अशा दिवसांत नगरकोटवर पहाटे उठून गेलात तरी समोर राखाडी पडदाच असतो. मे उजाडला की वळवाच्या सरी वाढतात. दुपारी ढग जमतात, गडगडाट होतो, कधी गारा पडतात. हाच वळीव धूर धुऊन काढतो. म्हणून मे महिन्याचा नियम असा: संध्याकाळी जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशीची पहाट सोडायची नाही. साडेपाचला बाहेर असा. नऊ-दहानंतर शिखरांवर ढग चढतात आणि मग दिवसभर उघडीप मिळेलच असं नाही.

मे महिन्यात रेल्वेने गोरखपूर गाठून सुनौलीवरून रस्त्याने जाण्याचा बेत आई-वडील सोबत असतील तर टाळा. त्या वाटेचा मोठा भाग सपाटीच्या उन्हातून जातो, लुंबिनीत पारा ४० च्या पुढे असतो. विमानाने थेट काठमांडूला उतरा, तिथून पोखरा आणि वर मुक्तिनाथ असं करा. मुक्तिनाथसाठी तर मे चांगलाच आहे. हिवाळ्याचा बर्फ गेलेला असतो, पावसाळ्याच्या दरडी अजून सुरू झालेल्या नसतात. मेचा पहिला पंधरवडा पकडता आला तर उत्तम. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुरू व्हायच्या आत "जाऊन येऊ" म्हणणाऱ्यांना मी नको म्हणेन. मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून आणि नेपाळच्या पूर्व टोकाला १३ जून. पण त्याआधीचे आठ-दहा दिवस दमट आणि ढगाळ असतात, आणि शिखरं जवळजवळ दिसतच नाहीत.

नाताळाच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत पोखरा स्वच्छ असतो आणि गर्दी नसते. काठमांडूत पहाटे २-३ अंश, दुपारी १८-१९. हॉटेलच्या खोल्या आतून तापवलेल्या नसतात, त्यामुळे हीटर आणि जास्तीचं ब्लँकेट आहे का, हे खोली घेतानाच विचारा. सकाळच्या धुक्यामुळे काठमांडूची विमानं खोळंबतात. परतीचं पुढचं विमान गाठायचं असेल तर मध्ये बराच वेळ ठेवा. तराईचं मात्र वेगळंच असतं. तिथे शीतलहर येते, म्हणजे दाट धुकं दिवसेंदिवस हलत नाही आणि दुपारीसुद्धा सूर्य दिसत नाही. लुंबिनी आणि चितवन नाताळात ठेवू नका. थोराङ ला, बेस कॅम्प वगैरे नवख्यांनी या महिन्यांत विचारातही घेऊ नये.

फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ आपल्याकडच्या सुट्ट्यांत बसत नाही, म्हणून मराठी प्रवासी त्याला मुकतात. निवृत्त लोकांनी तो जरूर धरावा. जानेवारीत चितवनच्या राष्ट्रीय उद्यानात आसपासच्या गावकऱ्यांना गवत कापू देतात, त्यानंतर उंच गवत राहत नाही आणि गेंडा, हरणं, नशिबात असेल तर वाघ, लांबून दिसतात. महाशिवरात्रीला पशुपतिनाथाला लाखोंची गर्दी लोटते. आणि मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पोखऱ्याजवळच्या घोरेपानी-पूनहिलच्या वाटेवर लालीगुराँस फुलतो. हे नेपाळचं राष्ट्रीय फूल, पण त्याची झाडं पुरुष-दोन पुरुष उंच नव्हे तर चांगली घराएवढी वाढतात आणि पूर्ण उतार लाल होतो. त्यासाठी धुराचा थोडा धोका पत्करायला हरकत नाही.

पायरी ४: पावसाळ्यात जायचंच असेल तर

वर्षाच्या पावसापैकी सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे पावसाळा हा नेपाळच्या वर्षाचा कणा आहे. साउन महिन्यात पशुपतिनाथाला हिरव्या बांगड्या घातलेल्या बायकांच्या रांगा लागतात. असार महिन्याच्या १५ तारखेला चिखलात भात लावून शेताच्या बांधावर दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे खाल्ले जातात. हरतालिकेला लाल साड्यांनी पशुपतीचं आवार भरून जातं. हे सगळं बघण्याजोगं आहे. म्हणून पावसाळ्यात जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. जायची रीत वेगळी ठेवा, एवढंच सांगेन.

आधी तारखांबद्दल. नेपाळचे महिने सौर आहेत. त्यांचा साउन जुलैच्या मध्याला सुरू होतो आणि ऑगस्टच्या मध्याला संपतो. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो आणि दरवर्षी पुढेमागे होतो. "श्रावणी सोमवारी पशुपतिनाथ" असा संकल्प असेल तर त्यांच्या पंचांगातल्या तारखा बघून तिकीट काढा, नाहीतर तिथला साउन संपल्यावर पोहोचाल.

मग पावसाची चाल समजून घ्या. आपल्याकडे ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो, शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. त्या वेळी पावसाचं काय होतं? मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावरून सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेलेला असतो. म्हणजे आपल्याकडची उघडीप ही बऱ्याचदा नेपाळच्या पायथ्याशी मुसळधार पावसाची वेळ असते. नाशिक-जळगावला आठवडाभर ऊन पडलंय म्हणून निश्चिंत होऊन निघू नका. तेव्हाच तिकडचा अंदाज दुप्पट काळजीने बघा.

तिसरी गोष्ट, पाऊस रात्री जास्त पडतो. पहाडातल्या खोऱ्यांत संध्याकाळनंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत कोसळतो, सकाळी थोडी उसंत देतो. यातूनच सर्वांत महत्त्वाचा नियम येतो आणि तो मोडायचा नाही: पावसाळ्यात डोंगरातला रस्ता रात्री धरायचा नाही. १२ जुलै २०२४ ला पहाटे, अंधारात, नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथे दरडीने दोन बस साठाहून अधिक माणसांसह त्रिशूली नदीत लोटल्या. त्याच वर्षी २६ ते २८ सप्टेंबरच्या पावसाने देशभरात २०० हून अधिक बळी घेतले. काठमांडूत येणाऱ्या महामार्गावर रात्री अडकून पडलेल्या गाड्याच दरडीखाली गेल्या. आणि २३ ऑगस्ट २०२४ ला पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत कोसळली. २७ जण गेले, त्यातले बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातले यात्रेकरू होते. त्या अपघाताला पाऊसच जबाबदार होता असं मी म्हणत नाही. पण हे रस्ते नदीच्या काठाकाठाने, खोल दरीच्या कडेने जातात, आणि पावसाळ्यात तिथे चुकीला जागा उरत नाही हे प्रत्येक यात्रा आयोजकाने मनावर घ्यायला हवं.

म्हणून यात्रा कंपनीकडून जाणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. रात्री गाडी चालणार आहे का? रस्ता बंद झाला तर कार्यक्रमात जास्तीचा दिवस धरला आहे का? डोंगरात त्या वाटांवर रोज गाडी चालवणारा नेपाळी चालक असेल का? "बघू, होईल काहीतरी" असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा. काठमांडू ते पोखरा विमान अर्ध्या तासाच्या आतबाहेर नेऊन सोडतं. पावसाळ्यात ज्येष्ठांसाठी तोच मार्ग धरा, जरी ढगांमुळे ते कधीकधी रद्द होत असलं तरी.

पावसाळ्यात बघण्यासारखा भाग म्हणून सगळेजण मुस्ताङचं, म्हणजे जोमसोम, मुक्तिनाथ आणि लो मान्थाङ ज्यात येतात त्या जिल्ह्याचं नाव घेतात. पर्जन्यछायेतलं असल्यामुळे तिथे जुलै-ऑगस्टमध्येही कोरडं असतं, ते खरंच. पण तिथे पोहोचायची वाट ओल्या बाजूने जाते, हे सांगायचं राहून जातं. पोखऱ्याहून बेनी, तातोपानी, घासा असा रस्ता कालीगण्डकीच्या घळईतून चढतो आणि पावसाळ्यात तोच सर्वाधिक दरडींचा. जोमसोमची विमानं फक्त सकाळी उडतात, कारण अकराच्या सुमारास घळईत वारा सुटतो आणि तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्यात पोखऱ्यावर ढग असले की ती दिवसेंदिवस निघत नाहीत. तेव्हा पावसाळी मुस्ताङ हा ज्यांच्याकडे दोन मोकळे आठवडे आहेत त्यांचा प्रवास आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात गेलात तर मार्फाची सफरचंदं झाडावर लागलेली असतात, हे एक बक्षीस. लो मान्थाङच्या बाजूला जायला वेगळा परवाना लागतो.

जंगलातून चालणार असाल तर जळवा गृहीत धरा. पहाडाच्या ओल्या जंगलात त्या पानांवर वाट बघत असतात. पँट मोज्यांत खोचा, मीठ जवळ ठेवा, दर थांब्याला पाय तपासा. चावलं तर घाबरण्यासारखं काही नसतं.

पायरी ५: राखीव दिवस धरा

ऋतू कोणताही असो, डोंगरातल्या प्रवासात हवामान एखादा दिवस खातंच. शहरांपुरती सहल असेल तर एक मोकळा दिवस पुरतो. मुक्तिनाथ असेल तर दोन. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाला जाणार असाल तर परतीच्या बाजूला दोन-तीन दिवस ठेवाच. तिथली धावपट्टी डोंगराच्या कुशीत आहे, ढग उतरले की सगळं ठप्प. शिवाय वसंत आणि शरद ऋतूंच्या गर्दीत लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मन्थलीहून सुटतात, आणि तिथे पोहोचायला काठमांडूतून मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तासांचा रस्ता कापावा लागतो. तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे ते नीट वाचा.

राखीव दिवस उंचीसाठीही लागतो. मुक्तिनाथला आता जीप थेट जाते, त्यामुळे ८२० मीटरवर झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी ३,७०० वर पोहोचतो. डोकं दुखणं, मळमळ, धाप ही विरळ हवेची लक्षणं असतात, थंडीची नव्हेत. वाटेत मार्फा किंवा जोमसोमला रात्र काढा, सकाळी वर जाऊन १०८ धारांचं दर्शन घ्या आणि मुक्कामाला पुन्हा खाली या. धारांचं पाणी बारा महिने बर्फगार असतं. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी सगळ्या धारांखाली धावत जाण्याचा हट्ट करू नये. ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं तरी चालतं. वर गेल्यावर त्रास वाढत असेल तर औषधापेक्षा खाली उतरणं महत्त्वाचं, आणि ते सकाळपर्यंत लांबवायचं नाही.

पायरी ६: सामान

ऋतूनुसार वेगवेगळी बॅग भरण्यापेक्षा थरांवर थर घाला. आत घाम शोषणारा पातळ कपडा, वर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. दिवाळीत पोखऱ्यात पहिला थर पुरतो, मुक्तिनाथला तिन्ही लागतात. पावसाळ्यात छत्री शहरात उपयोगी, डोंगरात वाऱ्यापुढे तिचा निभाव लागत नाही. तिथे पोंचो घ्या. जीन्स नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मास्क आणि वर्षभर गडद चष्मा ठेवा. जड जॅकेट इथून वाहून नेऊ नका, काठमांडूच्या ठमेलमध्ये आणि पोखऱ्याच्या लेकसाइडला भाड्याने मिळतात.

पायरी ७: निघण्याआधीचे दहा दिवस

नेपाळ सरकारचा जल तथा मौसम विज्ञान विभाग रोज अंदाज काढतो. तो देवनागरीत असतो, त्यामुळे आपल्याला थेट वाचता येतो. थोडे शब्द माहीत असले की झालं. पहिरो म्हणजे दरड, बाढी म्हणजे पूर, हिउँ म्हणजे बर्फ, असिना म्हणजे गारा, हुस्सु म्हणजे धुकं. दहा दिवस आधीपासून रोज एकदा बघत गेलात तर हवेचा कल कळतो. फोनमधलं साधं हवामान ॲप तिथे फारसं कामाचं नाही, कारण ते खोऱ्याचा आकडा देतं आणि तुम्ही असता त्याच्या हजार मीटर वर.

तिथे पोहोचल्यावर रोज संध्याकाळी हॉटेलच्या मालकाला किंवा चालकाला विचारा, "दाइ, बाटो खुला छ?" दादा, वाट खुली आहे का, एवढाच प्रश्न. दुकानात दिदी असतील तर त्यांना विचारा. रस्त्याची ताजी खबर त्यांच्याकडे सर्वांच्या आधी येते. खुला आहे म्हणाले तर सकाळी सहाला निघा आणि दुपारपर्यंत मुक्काम गाठा. बेनीच्या पुढे पहिरो गेला आहे म्हणाले तर पोखऱ्यातच थांबा, फेवा तलावात होडीतून फिरा, पर्वतारोहणाचं संग्रहालय बघा आणि मुक्तिनाथ राखीव दिवसावर ढकला. तोही दिवस गेला तर पोखऱ्यातून परत फिरा. मुक्तिनाथ पुढच्या खेपेला.